दुपारची रौल

दारजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ते स्वतःच्या पायांनी चालत घरी आले आणि आल्या आल्या चहात साखर का नाही म्हणून भांडले. तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे घरादाराच्या बीजींनी, हात जोडून जाहीर केलं, "आता घरी अखंड पाठ ठेवायचा. माणूस परत मिळालाय, नुसतं गप्प बसून कसं चालेल?"

अखंड पाठ म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांचं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचन, दोन दिवस आणि दोन रात्री, मध्ये जराही खंड न पाडता. एक वाचणारा दमला की दुसरा शेजारी येऊन बसतो, चालू ओळ पकडतो, त्याच्या आवाजात आवाज मिसळतो आणि मग पहिला गप्प होतो. आवाज तुटत नाही. एकेकाच्या बसण्याच्या वेळेला रौल म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण ज्या घरात माणसं मोजकी आणि त्यातल्या अर्ध्यांचे गुडघे गेलेले, तिथे रौलींची जुळवाजुळव करता करता नाकी नऊ येतात.

रात्रीच्या रौली गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथींनी, म्हणजे तिथे पाठ वाचणाऱ्या सेवेकऱ्यांनी, आणि त्यांच्या माणसांनी घेतल्या. पहाटेची मुलाने घेतली. राहिली दुपारची. जेवणानंतरची ती वेळ कोणालाच नको असते. डोळे मिटतात, ओळी एकमेकींत घुसतात.

"मी बसते," सून म्हणाली.

बीजी डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण बोटं थांबली.

ही सून त्यांच्यातली नव्हती. दारजींचा गाड्यांच्या सीटा शिवायचा कारखाना होता, तिथे ती मशीनवर कामाला आली आणि वर्षभरात घरात सून होऊन आली. मुलाने कोणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. बीजींनी भांडण केलं नाही, उपास धरला नाही, काही नाही. त्या फक्त सुनेशी बोलायचं असलं की भिंतीशी बोलायच्या. "कोणीतरी दूध तापत ठेवलंय वाटतं." "कोणाला तरी दार लावायची सवय नाही वाटतं." या "कोणीतरी"ला सून इतकी सरावली, की एकदा पोस्टमनने नाव विचारलं तर तिला क्षणभर आठवावं लागलं.

दारजींचं उलटं होतं. गिऱ्हाईक नसलं की रेक्झिनच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर खडूने एक गुरमुखी अक्षर काढायचे आणि तिच्यापुढे सरकवायचे. "गिरव." ती गिरवायची. दुसऱ्या दिवशी परीक्षा. चुकली की अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं हसायचे. मोठ्या बाईला असं लहान मुलांसारखं शिकावं लागतंय म्हणून तिचं नावच त्यांनी "बालवाडी" ठेवून दिलं. बालवाडी अडखळत वाचायला लागली, मग सरळ वाचायला लागली, मग एक दिवस चष्मा विसरलेल्या दारजींना तिनेच रोजचा पाठ वाचून दाखवला. त्या दिवशी ते हसले नाहीत. पगडीच्या कडेने डोळे पुसले आणि उगाच फोमवाल्याला फोनवर शिव्या घातल्या.

"जीभ अडखळली म्हणजे?" बीजींनी भिंतीला विचारलं.

"अडखळेल आणि पुढे जाईल," दारजी खाटेवरून म्हणाले. "पाठ माझ्यासाठी आहे ना? मग माझी सून वाचणार. नाहीतर मी स्वतः बसतो."

डॉक्टरांनी त्यांना जिनासुद्धा बंद केला होता, त्यामुळे ही धमकी चालली.

"ठीक आहे," बीजी म्हणाल्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदा सुनेकडे सरळ बघून म्हणाल्या, "पण सगळी नातीगोती येणार आहेत. तुझ्या वेळी पाठ तुटला, तर मला तोंड लपवायला जागा राहणार नाही."

या घराला पाठ तुटण्याचा अनुभव होता. एक चुलत काकू होती. तरुणपणी अशाच एका पाठात तिला भोवळ आली, ती कलंडली आणि वाचन तुटलं. कोणाचं काही वाईट झालं नाही. पाठ पुन्हा पहिल्यापासून केला, प्रसाद वाटला, लोक जेवून गेले. पण काकूचं नाव त्या दिवसापासून "खंडित काकू" पडलं. आता तिची नातवंडं कॉलेजात जातात आणि तीही तिला याच नावाने ओळखतात. तोंडावर म्हणत नाहीत एवढीच मेहेरबानी. हे बारसं बीजींनी केलं होतं. बीजी मनाने दुष्ट नव्हत्या, आजाऱ्याला त्यांच्यासारखं कोणी बघत नसे, पण त्यांनी एकदा चिकटवलेलं लेबल भिजत घातलं तरी निघत नसे. आपल्याला काय नाव पडेल याचा विचार सुनेने पडल्या पडल्या बराच केला होता. बाहेरून आलेल्या मुलीला तर नावांना तोटाच नाही.

पाठ बसला. पुढच्या खोलीतला सोफा, टीव्ही सगळं हलवलं, खाली पांढऱ्या चादरी अंथरल्या, वर चांदवा बांधला. ग्रंथींच्या समोर माइक ठेवला आणि त्याचा एक छोटा स्पीकर मागच्या अंगणात चुलींपाशी लावला, म्हणजे लंगरचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या कानावरही गुरूंची वाणी पडेल. दारजींची खाट शेजारच्याच खोलीत होती. मधलं दार उघडं ठेवायचं, असा त्यांचा हुकूम होता. त्यांना स्पीकरमधून नको होतं, खरं ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने हातपाय धुतले, डोकं झाकून घेतलं आणि ग्रंथींच्या शेजारी जाऊन बसली. ओळ पकडली. दोन आवाज थोडा वेळ बरोबर चालले, मग ग्रंथी थांबले, माथा टेकून उठले आणि स्कूटरवरून गुरुद्वाऱ्यात जरा आडवे व्हायला गेले. ऐकायला बसलेली मंडळी जेवायला मागच्या अंगणात गेली. नवरा पहाटेपासून जागा होता, तो वर झोपला होता. पुढची रौल त्याची.

खोलीत ती एकटी होती. सुरुवातीला ती एकेक शब्द जपून वाचत होती, पण पान उलटेपर्यंत भीती गेली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. आपला आवाज घरभर फिरतोय, मागे पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या कानांत जातोय, बीजींच्या कानांत जातोय, आणि कोणी तो थांबवू शकत नाही, या विचाराने तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

"बालवाडी!"

दारजींची हाक. दारजींना हाका मारायची सवयच होती. चष्मा, वर्तमानपत्र, पंखा कमी, पंखा जास्त. काही नसलं तरी माणूस आहे ना, हे बघायला एक हाक. ऑपरेशननंतर तर घर त्यांनी हाकांवरच चालवलं होतं. ती मनात हसली. वाचतेय ते दिसत नाही का यांना, ऐकू येत नाही का, म्हणून मजा करतायत.

"बालवाडी. गोळी."

या हाकेत मजा नव्हती. आवाज जिना चढून आलेल्या माणसासारखा धापा टाकत होता. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या समोरच्या फडताळात होत्या आणि खाटेवरून हात तिथे पोचत नव्हता. मग स्टीलचा पेला पडला, घरंगळत भिंतीला लागला. त्यानंतर काहीतरी जड पडलं.

तिचे डोळे ओळीवर होते. ओळ पुढे गेली. तोंड वाचत होतं आणि बाकीचं सगळं शरीर कान झालं होतं.

उठायला किती लागतं? दार समोर होतं. नाहीतर उठायचंही नाही, तोंडापुढे माइक होता, त्यात चार शब्द बोलायचे, बीजी, दारजींकडे बघा. मागचं अख्खं अंगण धावत आलं असतं. पण ते चार शब्द वाणीचे नव्हते. ते बोलले की पाठ तुटला. तिच्या रौलीत तुटला. सगळ्या नातेवाइकांसमोर, त्यांच्याच कानात, स्पीकरवर.

नवरा येईल, तिने स्वतःला सांगितलं. आता येईलच. तिने आवाज चढवला. जितका चढवता येईल तितका. कोणीतरी विचार करेल, ही ओरडते का आहे, कोणीतरी बघायला येईल. आवाज चढता चढता थरथरायला लागला, शब्द ओले झाले, डोळ्यांतून पाणी पानावर पडू नये म्हणून तिने मान मागे घेतली आणि वाचत राहिली.

मागे अंगणात बायकांनी लाटणी थांबवली होती. पण त्या उठल्या नाहीत. हे तिला नंतर कळलं. वाणी वाचता वाचता पोरीला भरून आलं, असं त्यांना वाटलं, आणि बीजींनी पिठाच्या हातांनी डोळे टिपले.

शेजारच्या खोलीतून दारजींनी आणखी एक नाव घेतलं. ते बीजींचं होतं, लग्नाआधीचं, घरातलं. ते नाव या घरात कोणी घेत नसे. चारचौघांत दारजीही घेत नसत. हाक नव्हतीच ती, पुटपुटणं होतं. त्यानंतर त्या खोलीतून काही आलं नाही.

ती वाचत राहिली.

नवरा आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. पण पगडी नीट बांधलेली होती, पाय धुतलेले होते. तो माथा टेकून शेजारी बसला आणि त्याने ओळ शोधली. तिने त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. तो ओळीकडे बघत होता, बघायलाच हवं होतं. त्याचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. ती गप्प झाली. मग तिने माथा टेकला. हेही तिने केलं. आणि ग्रंथ साहिबांकडे पाठ न करता चार पावलं मागे सरकून मग ती धावली.

दारजी खाट आणि फडताळ यांच्या मध्ये पडले होते. पगडी सुटून पांढरे केस खांद्यावर आले होते. एक हात फडताळाच्या दिशेने नव्हता, दाराच्या दिशेने होता. तिने गोळी काढली, जिभेखाली ठेवली. जीभ थंड होती.

पुढचं सगळं बीजींनी केलं. ओरडल्या एकदाच, नंतर ओठ दाताखाली धरले. शेजारच्या खोलीत मुलगा वाचत होता. आईची ती एक किंकाळी ऐकून त्याचा आवाज एका शब्दावर खाली गेला, पण थांबला नाही. बीजी दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला हाताने खूण केली, चालू दे. बाप पलीकडे पडलेला आणि मुलगा वाचतोय, असं ते ग्रंथी स्कूटरवरून येईपर्यंत चाललं. डॉक्टर आले, म्हणाले, हृदयच ते, वेळेवर गोळी गेली असती तरी काही सांगता येत नाही. डॉक्टरांनी समजूत म्हणून सांगितलं. सुनेच्या डोक्यात त्यातलं "वेळेवर" तेवढं राहिलं.

पाठ तुटला नाही. भोग पडला, म्हणजे शेवटचं पान वाचून झालं, अरदासीची प्रार्थना झाली आणि मग अंत्ययात्रा निघाली.

त्यानंतर जे झालं ते तिला सगळ्यात जड गेलं. तिचं कौतुक झालं. येणारा प्रत्येक जण तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. भाग्यवान माणूस, सुनेची वाणी कानात घेऊन गेला. बीजी तिला शेजारी बसवून घ्यायच्या. "काय वाचत होती! आवाज असा भरून आला होता, की मी तिथे चुलीपाशी रडले. हिला ठाऊकही नाही, पलीकडे काय होतंय. हलली नाही जागची." आणि मग ज्या शब्दासाठी ती इतकी वर्षं भिंतीकडे बघत बसली होती, तो शब्द बीजी सहज बोलून जायच्या. "माझी लेक आहे ही."

सून मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

नवऱ्याचं वेगळंच. अलार्म वाजला होता, मी बंद करून पुन्हा झोपलो, असं तो म्हणायचा आणि उशीत तोंड खुपसून रडायचा. "मी वेळेवर खाली आलो असतो तर तू मोकळी झाली असतीस, तू आत गेली असतीस." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. त्याला सांगता आलं असतं, की तुझ्या झोपेने नाही गेले. पण ते सांगायला तोंड उघडलं की बाकीचंही बाहेर पडलं असतं. तिने तोंडाला कुलूप घातलं आणि नवऱ्याला रडू दिलं. हे तिने दुसऱ्यांदा केलं, असं तिला वाटायचं.

एकदा ग्रंथी चहाला थांबले होते. तिने कप पुढे ठेवता ठेवता विचारलं, "अखंड पाठ चालू असताना एखाद्याला उठावंच लागलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाच्या जिवावर बेतलं तर."

"मग उठावं," ग्रंथी म्हणाले, बिस्कीट बुडवत. "पाठ परत करता येतो. पहिल्यापासून बसायचं. त्यात काय एवढं? गुरू काय हजेरी घेतो की काय?"

बिस्कीट चहात पडलं आणि ते चमचा मागू लागले. तिने चमचा आणून दिला. मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

दारजींसाठी घरात सहज पाठ सुरू झाला होता. हा सावकाशीचा पाठ. जमेल तेव्हा बसायचं, जमेल तेवढं वाचायचं, थांबायचं असलं की रुमाल्याने पान झाकून उठायचं. दहाव्याच्या अरदासीपर्यंत संपला म्हणजे झालं. बीजींनी सगळ्यांना सांगून टाकलं, "शेवटची पानं माझी लेक वाचणार."

त्या दिवशी घरात दोघीच होत्या. नवरा कारखाना उघडून बघायला गेला होता. सून पुढच्या खोलीत वाचत होती, बीजी दारजींच्या खोलीत होत्या. आता त्या तिथेच झोपायच्या.

"अगं, जरा इकडे ये गं."

साधी हाक. घाई नाही, काही नाही.

सून उठली. ओळ अर्धी होती. पान उघडं राहिलं, रुमाला तसाच घडीवर पडून राहिला, तिचा पाय अजून तिथेच पडलेल्या माइकच्या वायरीत अडकला, ती वायर ओढत गेली आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटून आत येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी गळ्यात आली होती. तिला धाप लागली होती.

बीजी खाटेवर बसल्या होत्या. एका हातात सुई, एका हातात दोरा.

"दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "ओवून दे म्हणत होते." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही."

"पान झाकलंस?"

"नाही."

"ओळ तरी पुरी केलीस?"

"नाही."

"सुईसाठी?"

"मला काय ठाऊक कशासाठी ते. हाक ऐकू आली."

बीजींनी सुई खाली ठेवली. त्या उघड्या दाराकडे बघू लागल्या. त्यातून पुढची खोली दिसत होती, चांदवा दिसत होता आणि त्याखालची रिकामी जागा. मी तर हळूच बोलले होते, असं त्या म्हणाल्या; सुनेला नाही, स्वतःशी. पुन्हा एकदा त्यांनी खाटेपासून त्या जागेपर्यंत नजर फिरवली.

"तिथे ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

"त्या दिवशी त्यांनी हाक मारली होती."

"हो."

"काय म्हणाले?"

"आधी मला बोलावलं. मग गोळी मागितली." ती थांबली. इथे थांबता आलं असतं. "मग तुमचं नाव घेतलं. माहेरचं."

बीजींचा हात तोंडाकडे गेला. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पिप पिप वाजत होती. मग बीजी बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्या विनवत होत्या, सुनेच्या वतीने, स्वतःच्या वतीने, सगळ्यांच्या वतीने.

"गुरूचा धाक वाटला ना तुला. म्हणून नाही उठलीस. गुरूच्या धाकाने."

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. हो म्हटलं असतं तर दोघीही वाचल्या असत्या.

"नाही बीजी," सून म्हणाली. "तुमच्या."

बीजींनी सुई उचलली. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं आणि सुईशी नेलं. ते बाजूने गेलं. पुन्हा नेलं. पुन्हा गेलं. सून पुढे झाली तेव्हा त्यांनी मान हलवली.

"जा," त्या म्हणाल्या. "पान उघडं आहे."

सून गेली. ओळ सापडायला वेळ लागला. सापडली, ती वाचू लागली, पाठ पुरा झाला, दहाव्याला लोक आले आणि गेले.

बीजी त्यानंतरही तिच्याशी नीट बोलायच्या, नाव घेऊन बोलायच्या, लोकांत लेक म्हणायच्या. पण त्या दिवसापासून त्यांनी घरात कोणालाही हाक मारली नाही. काही हवं असलं की गुडघे धरून उठायच्या, भिंतीला हात लावत लावत यायच्या आणि दारात उभ्या राहायच्या, कोणाचं तरी लक्ष जाईपर्यंत.